हापसा कोण दुरुस्त करणार?

(मुलुंड येथे दिलेल्या स्मृतिव्याख्यानाचे मुद्रित रूप)



ज्या सरांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांनी आयुष्यभर शाळेत विज्ञान शिकवले. म्हणून आज यंत्रांविषयी बोलावे असे मी ठरवले. यंत्र कसे बनते हे मी सांगणार नाही. ते बसवून, नारळ फोडून, फोटो काढून मंडळी परत गेल्यावर त्याचे काय होते, याविषयी मला बोलायचे आहे. गेली वीस-पंचवीस वर्षे जगभर एक विश्वास मूळ धरून आहे. पाणी, आरोग्य, कचरा, शिक्षण या प्रश्नांना एखादे हुशार उपकरण सापडले आणि ते लोकांपर्यंत नेणारा एखादा सामाजिक उद्योग उभा राहिला, की सरकारांना इतकी वर्षे जमले नाही ते होऊन जाईल, असा तो विश्वास. त्यात चांगले बरेच आहे. त्यामुळे कितीतरी बुद्धिमान तरुण या कामाकडे वळले. तरीही त्याची नीट उलटतपासणी व्हायला हवी असे मला मनापासून वाटते, आणि ती आपल्याच आसपासच्या कामांवरून करता येते.

सुरुवात मात्र जालना आणि सोलापूरपासून करू.

१९६०च्या दशकाच्या अखेरीस आणि पुढे १९७२च्या दुष्काळात महाराष्ट्रात कठीण खडक फोडणारी बोअरवेलची यंत्रे आली. पाणी लागले. पण बोअरवर जे पंप बसवले गेले ते बिडाचे होते, परदेशातल्या एखाद्या शेतावरच्या एका कुटुंबाला पुरतील अशा पंपांच्या नकला. आपल्या गावात तोच पंप पहाटेपासून रात्रीपर्यंत सगळी वस्ती हापसायची. पंप लवकरच मोडायचा आणि मोडला की मोडलेलाच राहायचा. १९७०च्या दशकाच्या मध्यावर पाहणी झाली, तेव्हा देशातले बहुसंख्य हातपंप बंद असल्याचे दिसून आले. पाणी जमिनीखाली होते, वर लोखंड उभे होते, आणि बायका जुन्याच विहिरीकडे चालत होत्या.

जालन्याच्या चर्च ऑफ स्कॉटलंड मिशनमधल्या माणसांनी पोलादाचा मजबूत पंप करून पाहिला. त्यातून शिकत सोलापूर वेल सर्व्हिसमध्ये ऑस्कर कार्लसन या स्वीडिश तंत्रज्ञाने पुढचा पंप बनवला. दांडा एकाच ठिकाणी टेकलेला, आत साखळी, आणि धूळ जाऊ नये म्हणून बंदिस्त बेअरिंग. तो सोलापूर पंप. युनिसेफ, केंद्र सरकार आणि रिचर्डसन अँड क्रुडास या सरकारी कंपनीने त्यावरून जो पंप घडवला, तो इंडिया मार्क २. या कंपनीचा एक कारखाना आपल्या मुलुंडलाही होता; या पंपाचे काम मात्र मद्रासच्या कारखान्यात झाले. पुढे तो आफ्रिकेसह जगभर गेला आणि आज जगात सर्वाधिक वापरल्या जाणाऱ्या हातपंपांत त्याची गणना होते. खेड्यात आपण ज्याला हापसा म्हणतो, तो बहुधा हाच.

ही गोष्ट बहुतेक वेळा पंपाच्या रचनेपाशी संपवली जाते. मला वाटते की ती तिथे सुरू होते. या पंपाचे पेटंट कोणी घेतले नाही. १९७९मध्ये त्याचे भारतीय मानक ठरले, त्यामुळे कोणताही कारखाना तो बनवू शकत होता, आणि एका कारखान्याचा भाग दुसऱ्याच्या पंपाला बसत होता. देखभालीचे तीन थर ठरवले गेले. गावात एक माणूस रोज पंपाकडे लक्ष ठेवणारा, तालुक्याला एक मिस्त्री, आणि जिल्ह्याला गाडी-तिकाटणे घेऊन सगळे पाइप वर काढू शकणारे पथक. हे पथक यायला दिवस लागतात असे अनुभवाला आले, तेव्हा मार्क ३मध्ये पाइप रुंद केला गेला. मग सगळी नळमाळ न उपसता आतला दट्ट्या वर काढता येऊ लागला. १९९०च्या दशकात उत्तर प्रदेशातल्या बांदा-चित्रकूट भागात महिला समाख्या कार्यक्रमातल्या दलित स्त्रिया पाने घेऊन हे पंप दुरुस्त करायला शिकल्या. ज्यांना गावाच्या पंपाला हात लावू दिला जात नव्हता, त्यांच्या हातात पंपाचा नटबोल्ट आला. ही तंत्रज्ञानाची केवढी मोठी कामगिरी! पण ती बेअरिंगने केली नाही. कोणी शिकायचे, कोणाला पगार, सुटा भाग कुठे मिळणार, याचे उत्तर कोणीतरी आधी ठरवले होते.

आता दुसरा पंप पाहा. दक्षिण आफ्रिकेत प्लेपंप निघाला. मुलांनी चक्रात बसून फिरायचे आणि त्या फिरण्यावर पाणी वर टाकीत चढायचे. टाकीच्या चारी बाजूंना जाहिराती लावायच्या आणि त्या उत्पन्नातून देखभाल करायची. कल्पना ऐकताच कोणालाही आवडावी अशी होती. २००६मध्ये अमेरिकेत त्यासाठी १ कोटी ६४ लाख डॉलरची मदत जाहीर झाली आणि २०१०पर्यंत दहा आफ्रिकी देशांत ४,००० पंप बसवायचे ठरले. प्रत्यक्षात मुले दमली की चक्र थांबे. मग बायकांना ते अवजड चक्र हाताने ढकलावे लागे. दूरच्या खेड्यात जाहिरात कोण देणार? बिघडलेल्या पंपाचे भाग गावात मिळत नव्हते. अनेक ठिकाणी चालू असलेला साधा हातपंप काढून त्या जागी हा बसवला होता. २०१०पर्यंत मोहीम गुंडाळली गेली.

हे दोन पंप मी शेजारी ठेवतो, कारण एवढ्यातच माझे म्हणणे येते. विकासाच्या कामात आपण कौतुक आणि पैसा यंत्राच्या शोधावर खर्च करतो. खरा, अवघड शोध असतो नियमाचा. वस्तू कोणाच्या मालकीची, पैसे कोण कोणाला देणार, चालवणाऱ्याचा हक्क कागदावर आहे का, आणि बिघडले तर दुरुस्ती कोणत्या खात्यातून होणार, हे तो नियम ठरवतो. सामाजिक उद्योगांनी आपल्या शहरात जे खरोखर चांगले केले, ते अशाच नियमांतून.

मुंबईत २००५मध्ये १२९८ या क्रमांकाची रुग्णवाहिका सेवा सुरू झाली. दूरध्वनी, नकाशा, गाडीचा ठावठिकाणा हे तंत्र त्यात होतेच. पण मला थक्क करते ती तिची दरांची रीत. रुग्णाला खासगी रुग्णालयात न्यायचे असेल तर पूर्ण दर, सरकारी किंवा महापालिकेच्या रुग्णालयात न्यायचे असेल तर कमी, आणि अपघातात रस्त्यावर पडलेल्या माणसाला काहीच नाही. रेशनकार्ड मागायचे नाही, उत्पन्नाचा दाखला नाही, जीव टांगणीला लागलेल्या घराची चौकशी नाही. "कुठे न्यायचे?" हा प्रश्न चालकाला विचारावाच लागतो. त्या एकाच प्रश्नात ऐपतही कळते. याला मी शोध म्हणतो. पुढे २०१४मध्ये राज्य सरकारने १०८ सेवा ९३७ रुग्णवाहिकांसह सुरू केली आणि ती सगळ्यांसाठी मोफत आहे. तेच योग्य झाले. एका शहरातल्या काही गाड्यांनी हे दाखवून द्यावे, आणि मग राज्याने ते हक्क म्हणून सर्वांना द्यावे. सामाजिक उद्योगाने कायम सरकारची जागा घ्यावी असे मला वाटत नाही.

आता कचऱ्याकडे येतो. मुलुंडमध्ये उभा राहून कचऱ्यावर घाईने बोलणे बरे दिसणार नाही.

इथले डम्पिंग १९६०च्या दशकाच्या अखेरीपासून चालू होते. चोवीस हेक्टर जागा. मुलुंड पूर्वेच्या कितीतरी घरांत एक पिढी खिडक्या लावून वाढली. २०१८मध्ये ते बंद झाले आणि सुमारे सत्तर लाख टन जुना कचरा चाळून, वेगळा करून जमीन मोकळी करण्याचे साडेपाचशे कोटींहून मोठे कंत्राट दिले गेले. सहा वर्षांची मुदत होती, ती वाढवावी लागली. बोरिवलीच्या गोराईला वेगळी वाट निवडली गेली. तिथला डोंगर आवरण घालून बंद केला आणि आतला मिथेन गोळा करून कार्बन क्रेडिट मिळवायची योजना झाली. देवनारच्या डम्पिंगला जानेवारी २०१६मध्ये आग लागली, धूर शहरभर पसरला, शाळा बंद ठेवाव्या लागल्या. त्यानंतर महिनाभरात मुंबई उच्च न्यायालयाने कचऱ्याची व्यवस्था होत नाही म्हणून शहरातल्या नव्या बांधकामांना परवानग्या देण्यावर निर्बंध घातले.

मुलुंडला चाळणारी यंत्रे आली ती चांगलीच आहेत, त्यांची गरज होती. पण सत्तर लाख टन एकत्र झाले कसे, हे विसरून चालणार नाही. ओले आणि सुके आपल्या स्वयंपाकघरात एका डब्यात पडले, एका गाडीत गेले, एका ढिगावर ओतले गेले. घरात फुकट होणारे काम आपण पन्नास वर्षांनी कोट्यवधी रुपये देऊन यंत्राकडून करून घेतो आहोत.

आणि हे काम मधल्या काळात कोणीतरी करत होतेच. १९७२च्या दुष्काळात मराठवाड्यातून मुंबईत आलेल्या अनेक कुटुंबांच्या वाट्याला गोवंडी-मानखुर्द आले. त्यांतल्या बायका, बहुतेक दलित समाजातल्या, कचराकुंडीतून आणि डम्पिंगवरून प्लास्टिक, कागद, पत्रा वेचून भंगारवाल्याला विकत. शहराचा कितीतरी सुका कचरा त्यांनी डोंगरावर जाण्यापासून वाचवला. महापालिकेने त्यांना त्याचा एक पैसा दिला नाही. उलट हटकले, हाकलले. स्त्री मुक्ती संघटना १९७५पासून स्त्रियांच्या प्रश्नांवर काम करत होती. ज्योती म्हापसेकरांचे 'मुलगी झाली हो' हे नाटक तुमच्यापैकी अनेकांनी पाहिले असेल, ती हीच संघटना. १९९०च्या दशकाच्या अखेरीस संघटनेने या बायकांसोबत परिसर विकास हा कार्यक्रम उभा केला. बचतगट झाले, ओळखपत्रे आली, सोसायट्यांत खत करण्याचे शिक्षण झाले, सहकारी संस्था निघाल्या. कचरावेचक बाई परिसर भगिनी झाली.

त्याच सुमारास, गोवंडी-मानखुर्दपासून हाकेच्या अंतरावर तुर्भ्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्रात डॉ. शरद काळे यांनी निसर्गऋण हा बायोगॅस प्रकल्प विकसित केला. त्याची रचना समजून घेण्यासारखी आहे. साध्या गोबरगॅसच्या टाकीत स्वयंपाकघरातला कचरा टाकला की ती लवकर आंबट होऊन बिघडते. निसर्गऋणमध्ये कचरा आधी बारीक करून गरम पाण्यात मिसळतात, आणि हे पाणी तापवायला सौरऊर्जा वापरता येते. मग पहिल्या टाकीत हवेच्या सान्निध्यात, उष्णता मानवणारे जिवाणू त्याचे काही दिवस विघटन करतात. त्यानंतरच तो मोठ्या बंद टाकीत जातो. तिथे मिथेन तयार होतो आणि शेवटी खत उरते. हा प्रयोग आपल्या मातीतला, आपल्या जेवणाच्या कचऱ्यासाठी केलेला. पण नारळाची करवंटी, अंड्याचे कवच, कांद्याची साल, प्लास्टिकची पिशवी आत गेली की सगळे अडते. म्हणजे या प्रकल्पाचा पहिला भाग हे एक टेबल असते, आणि त्या टेबलाशी कचरा निवडत उभी असलेली बाई. निसर्गऋणचे काही प्रकल्प स्त्री मुक्ती संघटनेने परिसर भगिनींच्या हाती चालवायला दिले. शास्त्रज्ञाचे ज्ञान आणि वर्षानुवर्षे कचरा हाताळलेल्या बोटांचे ज्ञान एकत्र आले, तेव्हा ते चालले.

मग असे प्रकल्प प्रत्येक वॉर्डात का नाहीत? जिवाणूंनी कुठेही दगा दिलेला नाही. अडचण येते ती कंत्राटाच्या कागदात. प्रकल्प उभारायला भांडवली खर्चातून पैसे निघतात, तो रोज चालवायला निघत नाहीत. जागा महापालिकेची, ती केव्हाही परत मागता येते. कचरा वाहून नेणाऱ्या कंत्राटदाराला टनावर पैसे मिळतात. वजन जितके जास्त तितके बिल जास्त, मग कचरा कमी व्हावा असे त्याला का वाटावे? हा नियम आपण केलेला आहे, आणि त्यापुढे कितीही चांगले यंत्र हरते.

पुण्यात वेगळा नियम करून पाहिला गेला. कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत ही कचरावेचकांची संघटना तिथे १९९३पासून आहे. २००८मध्ये स्वच्छ या त्यांच्या सहकारी संस्थेशी पुणे महापालिकेने करार केला. सदस्य घरोघरी जाऊन कचरा घेतात, प्रत्येक घर त्यांना महिन्याचे शुल्क देते, आणि सुका कचरा विकून आलेले पैसे त्यांचेच असतात. यात अवजार म्हणाल तर एक ढकलगाडी आणि हातमोजे. करार वाढवून घेण्यासाठी त्यांना पुन्हापुन्हा झगडावे लागले, आजही लागते. तरी शहराच्या कचऱ्यावर वेचणाऱ्यांचा पहिला हक्क आहे हे तिथे कागदावर आले.

मुंबईनेही असा क्षण पाहिला आहे, आणि तो आपल्या घाटकोपरात. १९९०च्या दशकाच्या उत्तरार्धात घाटकोपर पूर्वेच्या जोशी लेनमधल्या रहिवाशांनी आपल्या गल्लीचा कचरा वेगळा करायला, जिरवायला सुरुवात केली आणि महापालिकेचा एन वॉर्ड त्यांच्यासोबत उभा राहिला. त्यातून एएलएम (अ‍ॅडव्हान्स्ड लोकॅलिटी मॅनेजमेंट) ही योजना निघाली आणि अंधेरी, बोरिवलीपर्यंत शेकडो गल्ल्यांत पसरली. तिथेही यंत्र नव्हते. रहिवासी आणि वॉर्ड अधिकारी यांनी ठरावीक वारी समोरासमोर बसायचे, एवढेच होते. ज्या ठिकाणी अधिकारी बदलला आणि ते बसणे थांबले, तिथे गल्लीचा उत्साहही ओसरला.

शौचालयांचे थोडक्यात सांगतो. जागतिक बँकेच्या कर्जातून मुंबईत मलनिःसारणाचा जो प्रकल्प झाला, त्याच्या एका भागात २००५पर्यंत झोपडपट्ट्यांत सव्वातीनशेहून अधिक शौचालये बांधली गेली. ती वस्तीच्या संस्थांनी चालवायची, आणि कुटुंबाने महिन्याचा पास काढायचा. पासामुळे लहान मुलांना, वारंवार जावे लागणाऱ्या म्हाताऱ्यांना दर वेळी सुटे पैसे मोजावे लागत नाहीत. ही फार मोलाची गोष्ट. २०१६मध्ये घाटकोपरच्या आझाद नगरमध्ये हिंदुस्थान युनिलिव्हरने महापालिकेबरोबर सुविधा केंद्र उभारले. अंघोळीचे, कपडे धुण्याचे पाणी शुद्ध करून तेच संडासात वापरायचे, अशी त्याची रचना. ते स्वच्छ असते, बायकांना तिथे सुरक्षित वाटते, आणि अशी केंद्रे वाढली याचा मला आनंद आहे. पण पाण्याचा थेंब वाचवण्याची ही सारी हुशारी आपण ज्यांच्याकडून अपेक्षितो, त्या वस्त्यांतल्या अनेक घरांत आजही नळ नाही. पाणी हक्क समिती न्यायालयात गेली. डिसेंबर २०१४मध्ये उच्च न्यायालयाने सांगितले की पाणी हा जगण्याच्या हक्काचा भाग आहे आणि झोपडी अनधिकृत आहे म्हणून तो नाकारता येत नाही. महापालिकेचे 'सर्वांसाठी पाणी' धोरण आले ते २०२२मध्ये. घरात नळ आला असता तर अर्ध्या उपकरणांची गरजच पडली नसती. जिथे हक्क द्यायला हवा, तिथे उपकरण देऊन समाधान मानणे मला मान्य नाही.

समोर पवईच्या आयआयटीतले काही विद्यार्थी बसलेले दिसतात. तुमच्या संस्थेत १९८५पासून ग्रामीण तंत्रज्ञानाच्या पर्यायांचे केंद्र आहे, सिटारा, हे तुम्हाला माहीतच आहे. त्याहूनही एका माणसाविषयी वाचा असे सांगेन. डॉ. श्रीनाथ कलबाग अंधेरीच्या हिंदुस्थान लिव्हरच्या संशोधन केंद्रात वरिष्ठ शास्त्रज्ञ होते. पन्नाशी उलटल्यावर ती नोकरी सोडून ते पुणे जिल्ह्यातल्या पाबळला गेले आणि १९८३मध्ये त्यांनी विज्ञान आश्रम सुरू केला. पाबळच्या दुष्काळी माळावर त्यांनी शाळा सोडलेल्या मुलांना वेल्डिंग, वायरिंग, बांधकाम, पाण्याचा शोध हे सगळे शिकवले. ते शिकवताना गावाची खरी कामे घेतली आणि गावाकडून त्याचे पैसेही घेतले. शिकणाराच दुरुस्ती करणारा झाला. २००२मध्ये अमेरिकेतल्या एमआयटीने स्वतःच्या देशाबाहेरच्या पहिल्या फॅब लॅबपैकी, म्हणजे वस्तू घडवण्याच्या संगणकीय कार्यशाळांपैकी, एक पाबळला काढली, ती यामुळेच. यंत्र तिथे गेले तेव्हा ते चालवणारी माणसे आधीच तयार होती.

आता आपल्या दारातली एक गोष्ट सांगून थांबतो. २०१७मध्ये महापालिकेने वीस हजार चौरस मीटरपेक्षा मोठ्या किंवा रोज शंभर किलोहून अधिक कचरा करणाऱ्या सोसायट्यांना ओला कचरा आवारातच जिरवायला सांगितले. मुलुंड, घाटकोपर, बोरिवलीत पुनर्विकासातून उभ्या राहिलेल्या टॉवरांत बिल्डरने तळमजल्यावर खताचे यंत्र बसवलेले असते, कारण त्याशिवाय परवानगी मिळत नाही. त्यांतली बरीच यंत्रे बंद आहेत. ती चालवायला माणूस नेमलेला नाही, भुसा आणलेला नाही, आणि मोटर जळली तर खर्च कोणत्या खात्यात टाकायचा हे ठरलेले नाही. तुमच्या सोसायटीची वार्षिक सभा येईल तेव्हा लिफ्टच्या देखभालीच्या ओळीखाली आणखी दोन ओळी मागा. एक खताच्या यंत्राच्या दुरुस्तीची, आणि दुसरी ते चालवणाऱ्या परिसर भगिनीच्या पगाराची, तिच्या नावाने, वर्षभराच्या करारासह. वॉर्ड ऑफिसला पत्र लिहाल तेव्हा ओल्या कचऱ्याच्या पुढच्या निविदेत पैसे उचललेल्या वजनावर न देता जिरवलेल्या कचऱ्यावर द्यावेत, आणि वेचकांच्या सहकारी संस्थांना अनामत रकमेतून सूट द्यावी, असे स्पष्ट लिहा. आपल्या मुलुंडच्या टी वॉर्डसाठी अशा पत्राचा मसुदा मी आणला आहे. त्याच्या प्रती मागच्या टेबलावर ठेवल्या आहेत. वाचा, दुरुस्त करा, आणि सोसायटीच्या शिक्क्यासह पाठवा.